चूक लवकर कळावी म्हणून : ॲजाइल पद्धतीची घडण

ऑक्टोबर १९६८ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गार्मिश या डोंगरातल्या गावी ‘नाटो’च्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. अकरा देशांतले पन्नासेक संगणकतज्ज्ञ तिथे जमले होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न अवघड होता. संगणक वर्षागणिक वेगवान आणि स्वस्त होत होते, पण त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर मात्र उशिरा येत होते, अंदाजाच्या कितीतरी पट पैसे खात होते आणि हाती आल्यावर दोषांनी भरलेले निघत होते. ‘सॉफ्टवेअरचे संकट’ हा शब्दप्रयोग याच परिषदेतून रूढ झाला. त्यावरचा उपायही परिषदेच्या नावातच होता : सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. पूल बांधणारा अभियंता आधी जमीन तपासतो, नकाशे काढतो आणि मगच पहिला दगड बसवतो. प्रोग्रामरनेही तसेच का करू नये, असा हा विचार होता. पुढची तीस वर्षे या विचाराने सॉफ्टवेअर उद्योगाला वळण लावले, आणि ॲजाइल पद्धतीचा इतिहास म्हणजे त्या वळणावरून परत फिरण्याचा इतिहास आहे.

संकट खरे होते. आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होते. १९६३ ते १९६६ या काळात त्या कामात सुमारे ५००० मनुष्य-वर्षे खर्ची पडली, असा अंदाज ब्रुक्स यांनी स्वतःच पुढे दिला. काम लांबले की माणसे वाढवायची हा व्यवस्थापनाचा नेहमीचा उपाय तिथे उलटला. नव्या माणसाला काम समजावण्यात जुन्या माणसाचे दिवस जात आणि प्रत्येक नव्या माणसागणिक आपापसातल्या बोलण्याचा पसारा वाढे. लांबलेल्या प्रकल्पात माणसे भरली की तो आणखी लांबतो, हा ब्रुक्स यांचा नियम त्या अनुभवातून आला. १९७५ साली निघालेले त्यांचे ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक आजही प्रकल्प-व्यवस्थापकांच्या टेबलावर असते.

ऑगस्ट १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक निबंध सादर केला. अंतराळयानांच्या मोहिमांसाठी सॉफ्टवेअर बनवण्यात त्यांची नऊ वर्षे गेली होती. निबंधात एक आकृती होती. गरजांची नोंद, विश्लेषण, डिझाइन, कोडिंग, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर असे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक उतरत जातात, अशी ती होती. हीच आकृती पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणून जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. रॉइस यांनी मात्र ती आकृती दाखवून लगेच बजावले होते की कामाची अशी सरळ उतरंड धोक्याची आहे. चाचणी सगळ्यांत शेवटी येते. डिझाइनमधली मूळ चूक तिथे उघडी पडली तर पार वरच्या पायरीपर्यंत परत चढावे लागते, आणि तोवर वेळ व पैसा दोन्ही संपलेले असतात. म्हणून त्यांनी सुचवले की आधी लहान प्रमाणावर एकदा पूर्ण बनवून पाहावे, त्यातून शिकावे आणि मग खरी प्रणाली दुसऱ्यांदा बनवावी. ग्राहकालाही वेळोवेळी कामात सामील करून घ्यावे.

निबंधातली ही पुढची पाने फार थोड्यांनी वाचली. आकृती सोपी होती, तिचा तक्ता बनत होता, तक्त्यावर करार लिहिता येत होते आणि प्रत्येक टप्प्याअखेर सह्या घेता येत होत्या. सरकारी खात्यांना आणि मोठ्या कंपन्यांना नेमके हेच हवे होते. जून १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर-खरेदीसाठी काढलेल्या मानकात ही उतरंड जवळजवळ जशीच्या तशी उतरली, आणि इतर देशांच्या मानकांनीही तिचे अनुकरण केले. खुद्द ब्रुक्स ज्याचे अध्यक्ष होते त्या संरक्षणविषयक अभ्यासगटाने १९८७ मध्येच या रीतीवर टीका केली आणि सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावे अशी शिफारस केली. मानक मागे पडायला मात्र १९९४ साल उजाडावे लागले. एका सावध अभियंत्याने इशारा म्हणून काढलेले चित्र त्याच्याच नावाने शिफारस म्हणून इतकी वर्षे वापरले गेले, हा या इतिहासातला सर्वांत खेदजनक भाग आहे.

याच काळात वेगळ्या वाटेने चालणारेही होते, पण त्यांच्या रीतीला अजून नाव नव्हते. अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ या पहिल्या मानवी अंतराळ कार्यक्रमात प्रोग्रामर अर्ध्या दिवसाचे छोटे टप्पे आखून काम करत आणि कोड लिहिण्याआधी त्याच्या चाचण्या ठरवत. स्पेस शटलचे उड्डाण-सॉफ्टवेअर आयबीएमच्या चमूने १९७७ ते १९८० या काळात ३१ महिन्यांत १७ फेऱ्यांमध्ये तयार केले. यानाच्या गरजा काम चालू असतानाच बदलत होत्या, म्हणून सगळे आधी ठरवणे शक्यच नव्हते. जिथे माणसाचा जीव पणाला लागलेला होता तिथे अभियंत्यांनी उतरंडीवर विसंबणे टाळले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बॅरी बोहम यांनी १९८० च्या दशकात मांडलेली सर्पिल पद्धत आणि टॉम गिल्ब यांचा उत्क्रांतीवादी विचार हे याच वाटेवरचे.

पुढचा धक्का सॉफ्टवेअरच्या बाहेरून आला. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांचा लेख १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये छापून आला. फुजी-झेरॉक्सचे कॉपियर, होंडाची छोटी मोटार, कॅननचे कॅमेरे अशी नवी उत्पादने भराभर कशी घडली याचा त्यांनी अभ्यास केला होता. एका विभागाने काम संपवून पुढच्या विभागाकडे सोपवायचे, ही रीत या कंपन्यांनी सोडली होती. निरनिराळ्या विषयांतली माणसे सुरुवातीपासून एकाच चमूत बसत, वरिष्ठ फक्त ध्येय ठरवून देत आणि वाट चमू शोधत असे. लेखकांनी या रीतीला रग्बीच्या खेळाची उपमा दिली आणि त्यात ‘स्क्रम’ हा शब्द वापरला.

हा लेख जेफ सदरलँड यांच्या हाती पडला. ते अमेरिकी हवाई दलाचे माजी वैमानिक होते आणि व्हिएतनाम युद्धात त्यांनी उड्डाणे केली होती. १९९३ मध्ये ‘ईझल’ या कंपनीत एक नवे उत्पादन सहा महिन्यांत उभे करायचे होते. त्यांनी जॉन स्कमनिओटेल्स आणि जेफ मॅकेना यांच्यासह पहिला स्क्रम चमू तिथे उभा केला. काम एकेक महिन्याच्या तुकड्यांत वाटले आणि त्या तुकड्याला ‘स्प्रिंट’ म्हटले. दर स्प्रिंटच्या शेवटी चालणारे सॉफ्टवेअर दाखवायचे, रोज थोडा वेळ एकत्र जमून काल काय झाले, आज काय करणार आणि अडचण कोणती हे सांगायचे, एवढा साधा साचा होता. केन श्वेबर हे आपल्या कंपनीत अशाच निष्कर्षाला पोचले होते. दोघांनी मिळून ही रीत ऑक्टोबर १९९५ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरी ‘ऊप्स्ला’ परिषदेत मांडली.

दुसरा प्रवाह डेट्रॉइटजवळ क्रायस्लर या मोटार कंपनीत उगम पावला. कंपनीच्या सुमारे ८७,००० कर्मचाऱ्यांचा पगार अनेक जुन्या प्रणालींतून निघत असे. त्या सगळ्यांच्या जागी एकच नवी प्रणाली आणायची होती. ‘क्रायस्लर कॉम्प्रिहेन्सिव्ह कॉम्पेन्सेशन’, थोडक्यात ‘सी-३’, असे प्रकल्पाचे नाव. १९९६ च्या मार्चमध्ये केंट बेक यांना वेग सुधारण्यासाठी बोलावले गेले, तोवर प्रणालीतून एकही बिनचूक पगारपत्रक निघाले नव्हते. बेक यांनी सल्ला दिला तो धाडसाचा होता : झालेले काम बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करा. कंपनीने ते मान्य केले आणि रॉन जेफ्रीज यांना चमूचे प्रशिक्षक म्हणून आणले.

इथे ज्या सवयी रुजल्या त्यांना पुढे ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’ हे नाव मिळाले. पगार विभागातली जाणकार व्यक्ती प्रोग्रामरांच्या शेजारी बसे. काय हवे ते ती छोट्या कार्डांवर लिही. एका कार्डावर एकच गरज. कार्डांचा क्रम तिने लावायचा आणि प्रत्येकाला किती वेळ लागेल ते प्रोग्रामरांनी सांगायचे. दोघांनी एका संगणकावर बसून कोड लिहायचा, आधी चाचणी लिहायची आणि मग ती उत्तीर्ण होईल असा कोड, दिवसातून अनेकदा सगळ्यांचे काम एकत्र जोडायचे. पूर्वी वर्षभराने कळणारी चूक या रीतीत काही तासांत कळू लागली. पगाराचा नियम प्रोग्रामरने चुकीचा समजून घेतला असेल तर शेजारची व्यक्ती त्याच दुपारी ते सांगू शके. १९९७ मध्ये मासिक पगार घेणाऱ्या सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचा पगार नव्या प्रणालीतून निघू लागला. ठरल्यापेक्षा हे काही महिने उशिरा झाले, पण झाले.

पुढची कथा तितकी सुखाची नाही. ग्राहकाच्या वतीने बसणाऱ्या एकट्या व्यक्तीवर सगळ्या प्रश्नांचा भार पडला. पहिल्या यशानंतर काही महिन्यांत तिने काम सोडले आणि तिच्या तोडीचे दुसरे कोणी मिळाले नाही. १९९८ मध्ये क्रायस्लर आणि डाइम्लर-बेंझ यांचे विलीनीकरण झाले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये सी-३ थांबवण्यात आला. सगळ्या ८७,००० माणसांचा पगार त्यातून कधीच निघाला नाही. बेक यांचे ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग एक्स्प्लेन्ड’ हे पुस्तक मात्र १९९९ मध्ये निघाले आणि हजारो प्रोग्रामरांनी उत्साहाने वाचले. टीकाकारांनी प्रकल्पाच्या शेवटाकडे बोट दाखवले. ते योग्यच होते, पण त्या शेवटातून जो धडा निघत होता तो पद्धतीच्या बाजूचाच होता : ग्राहकाचे शेजारी असणे हा सगळ्या रचनेचा आधार आहे, आणि तो एका व्यक्तीच्या खांद्यावर टाकता येत नाही.

१९९० च्या दशकाअखेर अशा अनेक पद्धती उभ्या होत्या. ब्रिटनमध्ये ‘डीएसडीएम’ होती, सिंगापूरमधल्या एका बँकेच्या प्रकल्पातून ‘फीचर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट’ निघाली होती, ॲलिस्टर कॉबर्न यांची ‘क्रिस्टल’ होती. या मंडळींनी एकत्र बसावे असे रॉबर्ट मार्टिन यांनी सुचवले. ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या स्कीइंगच्या ठिकाणी सतरा जण जमले. बेक, जेफ्रीज, सदरलँड, श्वेबर, कॉबर्न, विकीचे जनक वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर, जिम हायस्मिथ हे त्यांत होते. सतराही पुरुष होते. त्यातले कित्येक एकमेकांचे स्पर्धक होते, आणि कोणती पद्धत श्रेष्ठ यावर एकमत होणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी पद्धतींवर वाद न घालता आपण सगळे कशाला अधिक किंमत देतो ते लिहायचे ठरवले. तोवर या पद्धतींना ‘हलक्या’ पद्धती म्हणत. ते नाव कोणालाच पसंत नव्हते. चर्चेअंती ‘ॲजाइल’ हे नाव ठरले.

त्यातून तयार झालेला ॲजाइल जाहीरनामा एका छोट्या पानात मावतो. प्रक्रिया आणि साधने गरजेची आहेत, पण त्याहून माणसे व त्यांच्यातला संवाद मोलाचा, असे तो सांगतो. कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकासोबतचे काम आणि आखलेल्या योजनेपेक्षा बदलाला सामोरे जाणे, असा बाकीचा क्रम आहे. दुसऱ्या बाजूच्या गोष्टी टाकून द्याव्यात असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, तरी पुढे अनेकांनी कागदपत्रे आणि नियोजन सोडून देण्यासाठी त्याचाच आधार घेतला. जाहीरनाम्यासोबत बारा तत्त्वे जोडली गेली.

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या दृष्टीने या बदलाचा गाभा हिशेबात दिसतो. प्रकल्पात काम, वेळ आणि पैसा या तीन गोष्टी बांधलेल्या असतात. जुन्या रीतीत काम आधी पक्के ठरवले जाई, आणि ते पुरे होईपर्यंत वेळ व पैसा लांबत जाई. ॲजाइल रीतीत वेळ आणि चमू पक्के असतात. एक ते चार आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये किती काम बसते ते बदलते. हव्या असलेल्या सगळ्या गोष्टींची यादी, म्हणजे बॅकलॉग, एका जबाबदार व्यक्तीच्या हाती असते. तिला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. सगळ्यांत मोलाचे काम यादीच्या माथ्यावर राहते, म्हणून मुदत मध्येच संपली तरी जे महत्त्वाचे ते झालेले असते. चमू एका स्प्रिंटमध्ये सरासरी किती काम पुरे करतो ते दोन-चार स्प्रिंटनंतर दिसू लागते, आणि पुढचा अंदाज त्या अनुभवावर बांधता येतो. ‘पुरे झाले’ म्हणजे काय हेही आधी ठरवलेले असते : चाचणी झालेली, जोडलेली, वापरता येण्याजोगी गोष्टच पुरी. स्प्रिंटच्या शेवटी ग्राहकासमोर डेमो होतो, आणि चमू बसून आपल्या कामाच्या पद्धतीची उजळणी करतो. नव्वद टक्के काम झाले असे महिनोन्‌महिने सांगत राहण्याची सोय या रचनेत उरत नाही.

भारतात ही पद्धत आली तेव्हा इथल्या उद्योगाची शिस्त नेमकी दुसऱ्या टोकाची होती. वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० च्या तारखांची अडचण सोडवण्याच्या, कामांवर वाढलेल्या कंपन्यांनी परदेशी ग्राहकाचा विश्वास मिळवला तो कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या ‘सीएमएम’ प्रमाणपत्रांवर. जगातल्या पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, पातळीच्या केंद्रांचा मोठा वाटा भारतात होता. प्रत्येक टप्प्याचे दस्तऐवज, प्रत्येक बदलाची मंजुरी आणि बहुधा आधीच ठरलेली किंमत, अशी ती व्यवस्था होती. ग्राहक सात समुद्रांपलीकडे, आणि पद्धत तर ग्राहक शेजारी असावा म्हणते. ‘थॉटवर्क्स’ या सॉफ्टवेअर कंपनीने २००१ मध्ये बंगळूरुला कार्यालय काढले आणि तिथल्या अनुभवावर फाउलर यांनी सविस्तर लिहिले. दोन्ही देशांतली माणसे आलटून-पालटून एकमेकांकडे काही महिने पाठवा, कोड रोज एकत्र जोडा, गरजा चाचण्यांच्या रूपात लिहा म्हणजे समजुतीतला फरक लगेच दिसेल, अशी त्यांची सूत्रे होती.

हैदराबादेत घडले ते आणखी बोलके आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची दुरुस्ती करणारा एक छोटा चमू २००४ मध्ये तिथल्या सीएमएमच्या पाचव्या पातळीच्या कंत्राटदाराकडे होता. एखादी विनंती पुरी व्हायला सुमारे पाच महिने लागत आणि कामाचा ढीग वाढतच होता. मायक्रोसॉफ्टमधले डेव्हिड अँडरसन आणि चमूचे व्यवस्थापक यांनी पाहिले की अंदाजपत्रके काढण्यातच चमूच्या वेळेचा मोठा भाग जातो. त्यांनी ती थांबवली, एका वेळी हाती घ्यायच्या कामांवर मर्यादा घातली आणि जागा रिकामी झाली की ग्राहकाने पुढचे काम निवडायचे असे ठरवले. नऊ महिन्यांत विनंतीचा कालावधी दोन आठवड्यांच्या आसपास आला. टोयोटाच्या कारखान्यातून घेतलेली ‘कानबान’ची कल्पना सॉफ्टवेअरमध्ये रुजली ती या प्रयोगातून.

पुण्या-मुंबईच्या आयटी संकुलांत आज स्क्रम सर्वपरिचित आहे. हिंजवडीतली रोजची स्टँड-अप बैठक पुष्कळदा संध्याकाळी होते, कारण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा कुठे सकाळ उजाडत असते. साडेनऊ-साडेदहा तासांच्या या अंतरामुळे सकाळी पडलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला दिवस मावळतो. ठरल्या किमतीच्या करारात स्प्रिंट बसवायचे तर अडचण आणखी वाढते. काम बदलायची मुभा पद्धत देते आणि करार ती काढून घेतो. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी बैठका स्क्रमच्या आणि टप्पे जुनेच, अशी सरमिसळ तयार झाली.

मोठ्या सरकारी कामात ही पद्धत टिकेल का, या शंकेला ‘सेंटिनल’ने उत्तर दिले. अमेरिकेच्या एफबीआयने कागदी फायलींऐवजी संगणकीय प्रणाली आणण्याचा एक प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून दिला होता. त्यानंतर त्याच कामासाठी सेंटिनल ४२.५ कोटींच्या अंदाजाने सुरू झाला. २०१० च्या ऑगस्टपर्यंत सुमारे ४०.५ कोटी संपले आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले. एफबीआयने काम कंत्राटदाराकडून स्वतःकडे घेतले, सुमारे २२० कंत्राटी माणसांचा चमू ४० वर आणला आणि दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. दर खेपेला चालणारा भाग प्रत्यक्ष वापरणाऱ्यांसमोर ठेवला गेला. जुलै २०१२ मध्ये प्रणाली सर्वांसाठी खुली झाली.

यशाबरोबर बाजारही उभा राहिला. दोन दिवसांच्या वर्गानंतर मिळणारी प्रमाणपत्रे, शेकडो माणसांच्या प्रकल्पांसाठी ‘सेफ’सारख्या जाडजूड चौकटी, सल्लागार संस्था. जाहीरनाम्यावर सही करणारे डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये या बाजारावर कडक टीका केली. २०१८ मध्ये रॉन जेफ्रीज यांनी वरून लादलेल्या ॲजाइलपासून प्रोग्रामरांनी दूर राहावे असे लिहिले. लादलेल्या पद्धतीत स्प्रिंट म्हणजे दर दोन आठवड्यांची नवी डेडलाइन आणि रोजची बैठक म्हणजे हजेरी, एवढेच उरते, हे त्यांचे दुःख होते आणि ते रास्त होते.

श्वेबर आणि सदरलँड यांनी २०१० मध्ये लिहिलेली स्क्रमची मार्गदर्शिका वेळोवेळी सुधारली. नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत त्यांनी ती आखूड केली आणि काल, आज व अडचण हे रोजच्या बैठकीतले तीन प्रश्न काढून टाकले. पंधरा मिनिटांची मर्यादा आणि स्प्रिंटच्या ध्येयाकडे किती वाटचाल झाली ते तपासण्याचा हेतू कायम ठेवून, बैठक कशी घ्यायची ते त्यांनी चमूवर सोडले.